जिन्याच्या पायऱ्यांचा हिशोब: सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागण्याआधी काय मोजायचं, कसं मोजायचं

घर बांधायला काढलं की जिन्याबद्दल साइटवर हमखास ऐकू येतं, "सातचा रायझर, दहाचा ट्रेड, बाकी आमच्यावर सोडा." रायझर म्हणजे पायरीची उंची, ट्रेड म्हणजे पाय ठेवायची रुंदी, दोन्ही इंचांत. हे माप तसं वाईट नाही. पण दोन मजल्यांमधली उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच असेल, तर १२० ला सातने भाग जात नाही. सतरा पायऱ्या झाल्या की एक इंच उरतो आणि तो कुठेतरी जिरवावाच लागतो. बहुतेक वेळा तो पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीत जिरवला जातो. जिन्यावर माणूस अडखळतो तोही तिथेच.

त्याचं कारण आपल्या चालण्यात आहे. आपण प्रत्येक पायरीकडे बघून चढत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच अंदाजाने उचलला जातो. चवडा पायरीच्या कडेवरून थोडक्यात सुटतो. मध्येच एखादी पायरी इंचभर उंच आली की बोटं कडेला अडकतात. उतरताना इंचभर खोल लागली की गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून पायरी सहाची की सातची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न सगळ्या पायऱ्या सारख्या येणार का, हा आहे. आणि त्या सारख्या यायच्या असतील तर हिशोब पायरीपासून नाही, उंचीपासून सुरू करावा लागतो.

आमचं घर बांधताना मी हे सगळं शिकलो, नंतर नात्यातल्या दोन घरांच्या वेळी पुन्हा करून पाहिलं. इथे तळमजला अधिक एक मजला, आरसीसी आणि मध्ये लँडिंग (सपाट थांबा) घेऊन उलट फिरणारा डॉगलेग जिना धरला आहे. सळई किती, स्लॅब किती जाड हे तुमच्या आरसीसी इंजिनिअरचं काम, त्यात हात घालू नका. मापं मात्र घरमालकाने स्वतः तपासावीत, कारण फरशी कोणती बसणार हे फक्त त्यालाच माहीत असतं.

हाताशी काय असावं

- मंजूर नकाशाची प्रत, त्यातल्या सेक्शनसह
- जिन्याचं आरसीसी ड्रॉइंग
- प्रत्येक मजल्यावर, पायऱ्यांवर आणि गच्चीवर कोणती फरशी आणि तिच्याखाली किती माल (सिमेंट-वाळूचा थर), याची यादी
- पाच मीटरचा स्टीलचा टेप (कापडी टेप ताणला जातो, तो नको)
- पाण्याची लेव्हल ट्यूब, ओळंबा, गुण्या, रंगाची दोरी
- कॅल्क्युलेटर आणि दोन रंगांचे मार्कर

मंजूर नकाशा हवाच. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी २०२० पासूनची युनिफाइड डीसीपीआर ही बांधकामाची नियमावली लागू आहे, मुंबईत डीसीपीआर २०३४. जिन्याच्या किमान रुंदीचे नियम इमारतीच्या प्रकारावर बदलतात, म्हणून नकाशात मंजूर झालेल्या रुंदीपेक्षा कमी करू नका. नॅशनल बिल्डिंग कोडची राहत्या घरासाठीची मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत: रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, नोझिंग (पायरीची पुढे आलेली कड) सोडून ट्रेड किमान २५० मिलिमीटर, डोक्यावर मोकळी जागा किमान २.२ मीटर.

## १. उंची मोजा: तयार फरशी ते तयार फरशी

खालच्या मजल्याच्या तयार फरशीपासून वरच्या मजल्याच्या तयार फरशीपर्यंतची उंची घ्यायची. स्लॅब ते स्लॅब नाही, कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) ते स्लॅब तर नाहीच. फरशी अजून बसलेली नसते, म्हणून ती कुठे येणार हे आधी ठरवून भिंतीवर खूण करावी लागते. पुढचा सगळा हिशोब १० फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर धरून केला आहे. तुमची उंची वेगळी असेल तर तुमचा आकडा घाला, रीत तीच.

इथून पुढे मिलिमीटरमध्येच बोला. इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मिस्त्रीचा हात बसलेला असतो, पण भागाकारात सूत तुटतं. ते कसं, हे सातव्या भागात येईल.

## २. उंचीला पूर्ण संख्येने भागा

१७० च्या आसपास रायझर हवा असं मनात धरा आणि भाग द्या. ३०४८ ÷ १७० = १७.९. अर्धवट पायरी नसते, म्हणून जवळच्या संख्या तपासून बघा:

- १६ रायझर: १९०.५
- १७ रायझर: १७९.३
- १८ रायझर: १६९.३
- १९ रायझर: १६०.४
- २० रायझर: १५२.४

सोळावाला आकडा नीट बघा. साइटवर ज्याला "साडेसातचा" म्हणतात तोच हा. कोडच्या मर्यादेपेक्षा अर्धा मिलिमीटर का होईना जास्त आहे, आणि जागा वाचते म्हणून सर्वांत जास्त हाच सुचवला जातो. घरात वयस्कर माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतः त्याच घरात म्हातारे होणार असाल, तर सोळा नको म्हणा. १७ चालतात, १८ चांगले. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही १८ घेतले. जागा असेल तर १९ सुद्धा घ्यावेत, पण संख्या सम असली की दोन्ही फ्लाइट (लँडिंगच्या खालची आणि वरची पायऱ्यांची रांग) सारख्या होतात आणि सेंट्रिंगवाल्याचं काम सोपं जातं.

## ३. ट्रेड ठरवा

इथे एक जुनं सूत्र आजही सगळीकडे वापरतात. फ्रेंच वास्तुकार फ्रान्स्वा ब्लाँदेल याने ते सतराव्या शतकात, १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. सपाटीवर चालताना पाऊल जेवढं पुढे पडतं, त्यातून पाय जितका वर उचलावा लागतो त्याच्या दुप्पट वजा करायचं. उरतं ते पायरीच्या रुंदीला द्यायचं. आजच्या मापात:

दोन रायझर + एक ट्रेड = ६०० ते ६४० मिलिमीटर

आपला रायझर १६९.३, दुप्पट ३३९. म्हणजे ट्रेड २६१ ते ३०१ च्या दरम्यान हवा. मी २८० घेतो: ३३९ + २८० = ६१९, अगदी मधोमध. १७ रायझर घेतले तर ३५९ + २६० = ६१९, तेही बसतं. १६ रायझरला २५० घेतला तर बेरीज ६३१ येते, म्हणजे सूत्र पास करतं, पण चढ ३७ अंशांवर जातो. आपला १८ चा जिना ३१ अंशांचा आहे. सूत्रात बसलं म्हणजे झालं असं नाही, रायझरची मर्यादा वेगळी बघायची. जुन्या वाड्यांतल्या भिंतीच्या आतल्या जिन्यांत हाताला धरायला दोर का लटकवलेला असे, ते अशा उभ्या चढावर उतरताना लगेच समजतं.

ट्रेड एका पायरीच्या कडेपासून दुसऱ्या पायरीच्या कडेपर्यंत मोजतात, पुढे आलेलं नोझिंग त्यात धरत नाहीत. दगडाची ऑर्डर देताना हा फरक लागतो. २८० चा ट्रेड, २० चं नोझिंग, आणि मागे उभ्या दगडाखाली जाणारे १८, मिळून ३१८ म्हणजे साडेबारा इंच. तेरा इंची पट्ट्या मागवा. अकरा इंचाची पायरी म्हणून अकरा इंची पट्ट्या आणल्या तर त्या पुरणार नाहीत.

## ४. जागेत मावतो का, ते बघा

फ्लाइटमध्ये ट्रेड रायझरपेक्षा एकने कमी असतात, कारण शेवटचा रायझर चढला की आपण लँडिंगवरच असतो. हे विसरल्यामुळे कागदावर जिना एका ट्रेडने लांब किंवा आखूड निघतो.

१८ रायझर म्हणजे ९ आणि ९. प्रत्येक फ्लाइटला ८ ट्रेड: ८ × २८० = २२४०. लँडिंगची खोली फ्लाइटच्या रुंदीपेक्षा कमी नको, म्हणून १०००. एकूण ३२४०. रुंदीला १००० आणि १०००, मध्ये १०० ची फट: २१००. प्लास्टर आणि उभ्या दगडाची जाडी धरून आतून साधारण सात फूट बाय पावणेअकरा फूट. पहिल्या पायरीसमोर आणि वर पोहोचल्यावर उभं राहायला मीटरभर जागा वेगळी.

एक मीटर रुंदी ही रेलिंगच्या आतली मोकळी रुंदी हवी. रेलिंग पायरीवरच उभी केली तर तीन-चार इंच तिथेच जातात. कपाट वर नेताना आणि कधी आजारी माणसाला खाली आणताना हे इंच हवे असतात. जमलं तर रेलिंग जिन्याच्या बाजूच्या उभ्या पृष्ठभागावर बसवा.

जागा फूटभर कमी पडली की लँडिंगच्या जागी त्रिकोणी पायऱ्या काढून देतो, असं कोणीतरी सुचवतं. दोन ट्रेडची जागा वाचते हे खरं. आता मोजून बघा. काटकोनात तीन त्रिकोणी पायऱ्या असतील तर आतल्या कोपऱ्यापासून ४५० मिलिमीटरवर, जिथून माणूस चालतो तिथे, प्रत्येक पायरी २३६ ची मिळते. कोपऱ्यापासून १५० वर ती फक्त ७९ ची, म्हणजे तीन इंचांची. लहान मुलं रेलिंग धरून आतल्या बाजूनेच चढतात. माझ्या मते घरात त्रिकोणी पायरी नकोच. त्यापेक्षा १७ रायझर आणि २६० चा ट्रेड घ्या (९ आणि ८ अशी विभागणी), १६० मिलिमीटर वाचतात. तरी भागत नसेल तर शेजारच्या खोलीतून जागा घ्या.

लँडिंगखाली संडास-बाथरूम काढायचा बेतही इथेच तपासून घ्या. आपलं लँडिंग तयार फरशीपासून १५२४ वर येतं. त्यातून ४० ची फरशी आणि १५० चा स्लॅब वजा केला की खाली १३३४ उरतात. इन्व्हर्टर आणि चपलांचं कपाट बसेल, माणूस उभा राहणार नाही.

## ५. डोक्यावरची जागा

पायरीच्या कडेपासून सरळ वर, बीमच्या तळापर्यंत २२०० मिळाले पाहिजेत. डॉगलेगमध्ये एका फ्लाइटवर दुसरी फ्लाइट असेल तर प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो स्लॅबमधली जिन्याची मोकळी जागा आखूड सोडली आणि तिच्या काठाला बीम आला तर.

आपल्या उदाहरणात वरच्या स्लॅबचा माथा खालच्या फरशीपासून २९८८ वर आहे (३०४८ वजा ६० ची फरशी). बीम ४५० खोल असेल तर त्याचा तळ २५३८ वर. त्यातून २२०० गेले, उरले ३३८. दोन रायझर होतात ३३९. म्हणजे दुसऱ्या पायरीवरच जागा कमी पडते, आणि बीमखालचं प्लास्टर अजून धरलेलंच नाही. म्हणून अशा बीमखाली एकच पायरी येऊ द्या. बाकी सगळ्या मोकळ्या जागेखाली.

## ६. तयार मापावरून कच्चं माप काढा

सगळ्यात जास्त जिने बिघडतात ते इथे. सेंट्रिंगवाला सगळे रायझर अगदी सारखे लावतो, काँक्रीट सुंदर होतं, आणि फरशी बसल्यावर पहिली पायरी बुटकी नि शेवटची उंच होते. दोष त्याचा नसतो. मजल्यावरची फरशी आणि पायरीवरचा दगड यांची जाडी वेगळी असते आणि ती त्याला कोणी सांगितलेली नसते.

समजा हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, खालच्या मालासह ६० मिलिमीटर. वरच्या मजल्यावरही तेवढीच. पायऱ्यांवर १८ चा ग्रॅनाइट आणि २२ चा माल, मिळून ४०. लँडिंगवरही ग्रॅनाइटच. मग कच्च्या कामात:

- पहिला रायझर, कोब्यापासून पहिल्या कच्च्या पायरीपर्यंत: १६९ + ६० − ४० = १८९
- मधले सगळे, लँडिंगसह: १६९
- शेवटचा, सतराव्या कच्च्या पायरीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत: १६९ + ४० − ६० = १४९

म्हणजे काँक्रीट झाल्यावर पहिली पायरी २० मिलिमीटर उंच आणि शेवटची २० मिलिमीटर बुटकी दिसली पाहिजे. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणेल की जिना चुकलाय. त्यांना हा कागद दाखवा. उलट सगळे रायझर १६९ चे ओतले असते, तर फरशीनंतर पहिली पायरी १४९ ची आणि शेवटची १८९ ची झाली असती. एकाच जिन्यात दीड इंचाहून जास्त फरक. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडमध्ये एका फ्लाइटमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी साइटवर पाचच्या पुढे मान्य करत नाही.

या हिशोबासाठी फरशीचा निर्णय जिना ओतण्याआधी लागतो. घरात रंगाचा, डिझाइनचा वाद चालू राहू दे, जाडी तेवढी आज ठरवून टाका. आणि नंतर बदलू नका: ग्रॅनाइटऐवजी कडप्पा घेतला तर मालाची जाडी कमी-जास्त करून एकूण ४० च ठेवा.

## ७. भिंतीवर खुणा करा

तळमजल्याची तयार फरशी जिथे येणार तिथून बरोबर एक मीटर वर, लेव्हल ट्यूबने सगळ्या कॉलमवर खूण करून घ्या. ट्यूबमध्ये बुडबुडा राहिला नाही ना, ते बघा. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का तपासलं की कळतं.

मग जिन्याच्या भिंतीवर पायऱ्यांच्या खुणा. एक पायरी मोजली, तिथून पुढची मोजली, असं करायचं नाही. प्रत्येक खूण तळापासून मोजायची:

१६९, ३३९, ५०८, ६७७, ८४७, १०१६, ११८५, १३५५, १५२४

नववी खूण, १५२४, म्हणजे बरोबर पाच फूट, तीच लँडिंगची तयार फरशी. दुसऱ्या फ्लाइटला हेच आकडे लँडिंगपासून पुन्हा. सुतात हे काम केलं तर काय होतं बघा. १२० इंचांना १८ ने भागलं की ६ इंच आणि सव्वापाच सुतांहून किंचित जास्त येतात. मिस्त्री ६ इंच ५ सूत धरतो. अठरा वेळा केल्यावर ११९ इंच २ सूत होतात आणि पाऊण इंच हरवतो. प्रत्येक पायरीत न दिसणारा फरक शेवटच्या पायरीवर एकदम दिसतो.

तयार फरशीच्या रेषा लाल मार्करने काढा. प्रत्येक लाल रेषेखाली ४० मिलिमीटरवर निळी रेषा, ती कच्च्या काँक्रीटची; फक्त सगळ्यात वरच्या, मजल्याच्या रेषेखाली ६० वर. सेंट्रिंगवाल्याला सांगायचं, फक्त निळ्या रेषा बघ. मग १८९ आणि १४९ चा हिशोब त्याला समजावत बसावं लागत नाही, तो आपोआप जमतो.

## ८. ओतण्याआधी सेंट्रिंग तपासा

काँक्रीटच्या आदल्या दिवशी जा, त्याच दिवशी सकाळी नको. मिक्सर दारात उभा असताना कोणी फळी हलवत नाही.

- प्रत्येक उभ्या फळीची वरची कड निळ्या रेषेला, दोन्ही टोकांना. एक टोक खाली असेल तर पायरी तिरकी होते.
- वेस्ट स्लॅबची (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची) जाडी उताराला काटकोनात मोजा. ड्रॉइंगमध्ये १५० म्हटलं असेल आणि टेप ओळंब्यात धरला, तर ३१ अंशांच्या उतारावर १७५ भरायला हवेत. ओळंब्यात १५० आले म्हणजे स्लॅब बारीक झाला.
- एक मीटर रुंदीच्या उभ्या फळ्यांना मधोमध आधाराची पट्टी आहे का? नसेल तर व्हायब्रेटर लागला की त्या पोटात फुगतात.
- काँक्रीट खालून वर भरत न्यायचं, हे आधीच बोलून ठेवा.

सळयांची तपासणी इंजिनिअरकडून करून घ्या आणि त्याने होकार दिल्यावरच ओता.

## ९. गच्चीचा जिना आणि जोत्याच्या पायऱ्या

पहिल्या मजल्यावरून गच्चीवर जाणारा जिना खालच्याची नक्कल समजू नका. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा येतो, चार-पाच इंचांचा. तो जिन्याच्या खोलीतही ओतला तर ६० च्या जागी १२५ होतात आणि शेवटचा रायझर १६९ वरून थेट २३४ वर जातो. जिन्याच्या खोलीत आतून साधी ६० ची फरशीच ठेवा, आणि गच्चीच्या दाराला उंच उंबरा घ्या. पाणीही आत येणार नाही.

जोत्याच्या पायऱ्यांना १५० चा रायझर आणि ३०० चा ट्रेड छान बसतो. ६०० चं जोतं असेल तर चार रायझर. मात्र अंगणात पुढे पेव्हर ब्लॉक बसणार असतील तर वाळूसह शंभरेक मिलिमीटर तिथे चढतात आणि पहिली पायरी पन्नासचीच उरते. अंगणाची तयार लेव्हल आधी ठरवा, मग सहाशे मोजा. कोकणात किंवा जिथे पाऊस झोडपतो तिथे प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला तीन-चार मिलिमीटरचा उतार द्या, आणि पॉलिश केलेला दगड बाहेर अजिबात नको.

## १०. जिना आधीच ओतून झाला असेल तर

फरशी बसण्याआधी लक्षात आलं तर अजून सावरता येतं. समजा तुमच्या हिशोबाने शेवटचा रायझर २४ मिलिमीटर जास्त निघतोय. ते २४ अठरा रायझरमध्ये वाटा, प्रत्येकाला १.३ येतात. पहिल्या पायरीखाली माल १.३ ने वाढवा, दुसरीखाली २.७, नववीला म्हणजे लँडिंगला १२, सतरावीला साधारण २३. तिथे २२ चा माल ४५ चा होतो, तेवढं चालतं. शेवटचा रायझर कमी निघत असेल तर उलट माल पातळ करावा लागतो, आणि त्यात फार वाव नसतो. पातळ दगड घेऊन काही मिलिमीटर मिळवता येतात. फरक दोन इंचांच्या पुढे असेल, किंवा कोणी काँक्रीट तासून देतो म्हणाला, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.

दगड बसवणारा मिस्त्री आला की त्याला सतराही पायऱ्यांची तयार उंची एका कागदावर लिहून द्या, आणि पुसल्या गेलेल्या लाल रेषा मीटरच्या खुणेवरून पुन्हा काढून घ्या. पहिला दगड बसवायच्या आधी.